मॅच मुंबई-बेंगळुरूची, भांडण भलतंच

भावा, ग्रुपमध्ये आलास, बरं झालं. पण आयपीएलच्या दिवसांत जरा जपून. आपल्या बेळगावात मुंबई विरुद्ध बेंगळुरू ही नुसती मॅच राहत नाही बघ. दोन विकेट पडल्या की कुणीतरी मराठी-कन्नड काढतोच. मग रोहित-विराट राहतात बाजूला आणि सीमाप्रश्न सुरू. टिळकवाडीत तुझ्याबरोबर टेनिस बॉल खेळणारा कन्नड मित्र एकदम 'ते लोक' होतो. तिथंच मोबाईल खिशात घाल.

आपले मुंबईचे फॅनही काही कमी नाहीत. २०२४ च्या आयपीएलसाठी रोहितच्या जागी हार्दिकला मुंबईचा कर्णधार केलं, तर वानखेडेवर मुंबईवाल्यांनीच त्याची हुर्यो उडवली! चार शिव्या जास्त देईल तो कट्टर, अशी शर्यतच लागते. गप्प बसणारा 'फितूर' ठरतो. ठरू दे की.

कुणाचा नंबर किंवा घरच्यांचा फोटो आला तर मात्र पुढं पाठवू नकोस, स्क्रीनशॉट काढून अ‍ॅडमिनला दे. २०२१ मध्ये विराटच्या तान्ह्या मुलीबद्दलच्या धमकीच्या ट्वीटवरून मुंबई पोलिसांनी हैदराबादेतून एका चांगल्या शिकलेल्या पोराला अटक केली होती. आणि हरलेल्या रात्री काही लिहूच नको, सकाळी लिही.