ब्रिटिश नट ॲलेक गिनेसला बहुरूपी का म्हणतात? ‘स्टार वॉर्स’शिवाय त्याचं काय पाहावं?

बहुतेक लोक मेकअपमुळे म्हणतात, आणि घोटाळा तिथेच आहे. नाकं आणि मिशा बदलल्या की नट बहुरूपी झाला, हा आपल्याकडचा चिवट समज. गिनेसचं नाव निघालं की लगेच ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ (१९४९) पुढे करतात. एकाच सरदार घराण्यातले आठ जण, त्यात एक बाईसुद्धा, आणि आठही गिनेस. मूळ देकार चार भूमिकांचा होता. चारच का, आठ का नाहीत, असं त्यानेच विचारलं.

त्यातल्या चर्चच्या शॉटमध्ये सहा गिनेस एकत्र दिसतात. ती कमाल छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्बची. कॅमेरा मुद्दाम बांधलेल्या भक्कम चौथऱ्यावर घट्ट बसवला. लेन्ससमोर काळ्या रंगाने झाकलेल्या काचा, एका वेळी एकाच माणसापुरती जागा उघडी. एकाचं चित्रीकरण झालं की फिल्म मागे गुंडाळायची, गिनेसचे कपडे आणि रंगभूषा बदलायची, पुढची जागा उघडायची. कॅमेरा केसभर हलला तर सांधा दिसतो, दिव्यांचा उजेड कमीजास्त झाला तर एकाच बाकावरची दोन माणसं दोन वेगळ्या दिवसांतली वाटतात. सगळं एकाच निगेटिव्हवर, म्हणजे सहावा चुकला की आधीचे पाचही वाया. काम काही दिवस चाललं आणि कॅमेऱ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून स्लोकोम्ब रात्री स्टुडिओतच झोपायचा.

गिनेसचं काम या कॅमेऱ्याच्या करामतीहून वेगळं आहे. आवाज बंद करून तो सिनेमा पाहा. खांदे, मान आणि पाऊल टाकायची घाई एवढ्यावरूनही माणसं ओळखू येतात. पुरावा म्हणून ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) घ्या. नकली नाक नाही, दाढी नाही. जपान्यांच्या कैदेतल्या कर्नल निकोल्सनला पत्र्याच्या कोठडीतून बाहेर काढतात तेव्हा तो ताठ राहू पाहतो, पण पाय ऐकत नाहीत. ती चाल गिनेसने पोलिओतून सावरणाऱ्या स्वतःच्या मुलाच्या चालण्यावरून उचलली. ऑस्कर त्याच भूमिकेला मिळालं.

आता गोडबोले. डेव्हिड लीनच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त (१९८४) प्रोफेसर नारायण गोडबोले गिनेसने केला, आणि तो फसला आहे. हे मराठी माणसाने तरी स्पष्ट बोलावं. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या फॉर्स्टरने हा माणूस हवेतून काढलेला नाही. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव होता, तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने जवळून पाहिला. कादंबरीतला गोडबोले म्हणूनच दख्खनी ब्राह्मण आहे, आणि तिसऱ्या भागात तो तुकारामालाच मायबाप म्हणत भजनात रंगतो. (आपण ते विठ्ठलाला म्हणतो, ते सोडून देऊ.) या माणसाची किल्ली तिथे, त्या टाळांत. सिनेमाने तो उत्सवच गाळून शेवट काश्मीरला नेला. गिनेसने भूमिकेसाठी बसवलेलं नृत्यही लीनने संकलनात कापलं, आणि गिनेस त्यावर नाराज होता. उरलं काय? चेहऱ्याला फासलेला रंग, कपाळावरचं गंध आणि गूढ हसू. त्याच सिनेमात व्हिक्टर बॅनर्जी, रोशन सेठ, सईद जाफरी आहेत. ते फ्रेममध्ये आले की गोडबोले आणखीच उपरा वाटतो. रंगभूषेने माणूस उभा राहत असता तर तो इथे राहिला असता.

आपल्याकडे लगेच पणशीकरांचा दाखला येतो. ‘तो मी नव्हेच’मध्येही पाच रूपं होती ना? होती. पण फिरत्या रंगमंचावर, विंगेतल्या मोजक्या वेळात, आणि प्रेक्षकांना ही सगळी रूपं एकाच भामट्याची आहेत हे कळणं तिथे नाटकाचाच भाग होता. ती कसरत वेगळी आहे, दोघांना एका तराजूत घालू नका.

काय पाहावं: आधी ‘क्वाय’, मग ‘काइंड हार्ट्स’, मग ‘द लेडीकिलर्स’ (१९५५), त्यातले नकली दात बेतात आहेत म्हणून शोभतात. त्यानंतर वेळ काढून बीबीसीची सात भागांची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९). तिच्या तयारीसाठी मूळ कादंबरीचा लेखक जॉन ले कारेने त्याची गाठ माजी गुप्तहेरप्रमुख मॉरिस ओल्डफील्डशी जेवणावर घालून दिली. ओल्डफील्डने बोट पेल्याच्या आतून फिरवलं, एवढ्या बारीक गोष्टीवरही गिनेसची नजर होती. गिनेसने केलेला गुप्तहेर स्मायली चष्मा पुसतो, थांबतो, ऐकतो. बाकी काही करत नाही आणि तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) शेवटी पाहिला तरी चालेल. तिथे त्याला नफ्यातले सव्वादोन टक्के मिळाले, ही अभिनयापेक्षा व्यवहाराची हुशारी.

दोन गोष्टी मात्र माझ्या बाजूला सोयीच्या नाहीत. लीनच्याच ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला (१९४८) फेगिन, म्हणजे पोरांना चोऱ्या शिकवणारा ज्यू म्हातारा, मेकअपशिवाय झालाच नसता. लीनला गिनेस नको होता, गिनेसने स्क्रीन टेस्ट मागितली आणि पूर्ण रंगभूषेत समोर उभा राहिला. पण डिकन्सच्या मूळ कादंबरीतल्या क्रुइकशँकच्या जुन्या चित्रांवरून घेतलेल्या त्या नाकामुळेच सिनेमावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला आणि अमेरिकेत तो १९५१ पर्यंत अडकला, तेही काटछाट करून सुटला. दुसरं, पडद्यावरचा हा संयम रंगमंचावर प्रत्येक वेळी चालला नाही. १९५१ मध्ये लंडनला त्याने स्वतः सहदिग्दर्शित केलेला ‘हॅम्लेट’ सपशेल पडला, आणि पहिल्याच प्रयोगात प्रकाशयोजनेचा गोंधळ झाला तो वेगळाच.

टिंकर टेलरचा पहिला भाग कळला नाही तर सोडू नका. नावं कागदावर लिहून ठेवा आणि दुसरा लावा.