हवेच्या मॉडेलमध्ये ट्रेसर (वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वायूचं किंवा धुराचं प्रमाण) निगेटिव्ह आला की शून्य करून पुढे जावं का? आणि सेमी-लॅग्रांजियन (ग्रिडच्या बिंदूवर आलेली हवा कुठून आली ते मागे जाऊन बघणारी) घ्यावी की फ्लक्सवाली (सेलच्या कडेवरून किती माल गेला ते मोजणारी) स्कीम?

नाही, शून्य करू नका. चिडून लिहितोय, कारण ह्याच एका ओळीपायी माझं एम.एस्सी.चं एक सेमिस्टर गेलं.

इंदूरला प्रोजेक्ट करत होतो. गोलावर कोसाइन बेल, म्हणजे ट्रेसरचा घंटेच्या आकाराचा ढीग, फिरवायची, १२ दिवसांत एक चक्कर, ती नेहमीची टेस्ट. लॅक्स-वेंड्रॉफ ही सेकंड ऑर्डरची लिनियर स्कीम लावली तर बेलच्या मागे निगेटिव्ह लहरी उठल्या. गाइड म्हणाले एक इफ टाक, शून्याखाली गेलं की शून्य. टाकला, चित्र सुरेख आलं. पण रात्री घरी दर स्टेपचं एकूण मास छापून बघितलं तर आकडा नुसता वाढतोय, कमी कधीच नाही, आणि होणार कसा, आपण फक्त उणे पुसतोय म्हणजे दर वेळी हवेत माल भरतोय. बाबा क्लॉथ मार्केटमध्ये मुनीम होते, कागद बघून एवढंच म्हणाले, "रोजमेळ जुळत नाही अन् तू पान उलटून राहिला?" दुसऱ्या दिवशी गाइडना आकडे दाखवले, तर म्हणे राउंडिंग आहे. डबल प्रिसिजनचं राउंडिंग सोळाव्या अंकाच्या आसपास असतं, माझा फरक तिसऱ्या अंकात होता! रिपोर्टमधून ते पानच काढायला लावलं.

गोडुनोव्हने १९५९ मध्येच दाखवलंय की लिनियर स्कीम फर्स्ट ऑर्डरच्या (सगळ्यात ढोबळ अचूकतेच्या) वर गेली की मोनोटोन राहत नाही, म्हणजे नसलेले चढ-उतार स्वतःच उठवते. म्हणजे अपविंड (फर्स्ट ऑर्डरची साधी स्कीम) घ्या आणि बेल पसरलेली बघा, नाहीतर असे खोटे चढ-उतार दाबणारा लिमिटर असलेली स्कीम लावा, व्हॅन लीअर किंवा पीसवाइज पॅराबोलिक मेथड. मी फ्लक्सवालीच घेईन. एका सेलमधून गेलेलं शेजारच्यात जमा होतं, हिशोब आपोआप बसतो. क्लासिक सेमी-लॅग्रांजियनमध्ये क्लिपिंग (उणे आकडे शून्य करणं) न करताही एकूण मास सरकतं. कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) आसपास आहे, त्यात ०.१ टक्का सरकलं तर जवळजवळ ०.९ अब्ज टन कार्बन झाला, आणि जगभरचा कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन निघतो. ह्याला राउंडिंग म्हणायचं?

ध्रुवाजवळ मात्र फ्लक्सवाली छळते, १ अंशाच्या ग्रिडवर विषुववृत्ताशी १११ किमी रुंद असलेला सेल ८९ अंशांवर २ किमीपेक्षाही कमी उरतो आणि कूरंट नंबर (एका स्टेपमध्ये वारा किती सेल ओलांडतो तो आकडा) मर्यादेबाहेर जातो. त्यासाठी लिन-रूडची १९९६ ची, मोठ्या कूरंट नंबरलाही चालणारी फ्लक्सवाली स्कीम वाचा, नाहीतर क्यूब्ड-स्फिअर (घनाच्या सहा बाजू फुगवून केलेली ग्रिड, ध्रुवाशी सेल असे आकसत नाहीत) घ्या.

हां, चार-पाच दिवसांचा फोरकास्टच करायचा असेल तर सेमी-लॅग्रांजियन आणि वर मास फिक्सर (दर स्टेपनंतर एकूण मास परत जुळवणारी दुरुस्ती) चालेल. पण फिक्सरने दर स्टेपला किती मास घातलं-काढलं ते छापा, आणि गाइड नको म्हणाले तरी ते पान रिपोर्टमध्ये ठेवा.