‘येतो’ म्हटलेल्या भेटी

कामाच्या नियोजनासाठी माझ्याकडे येणाऱ्या चर्चमधल्या सेवकांकडून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. दिवसभर धावतो, तरी रात्री वाटतं काहीच हाताला लागलं नाही. आणि वेळापत्रक लावायला गेलं की लोक म्हणतात, पाळक (चर्चचे धर्मगुरू) आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. मग करायचं काय? उत्तर म्हणून एका पाळकसाहेबांची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मध्य मुंबईतल्या एका जुन्या मराठी मंडळीचे, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचे, ते पाळक. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज मोठा, स्वभाव कोणालाही नाही न म्हणणारा. एके काळी ही मंडळी चर्चच्या आजूबाजूच्या चाळींत राहायची आणि पाळक पायी फिरून घरभेटी करायचे. आता मुलं-नातवंडं कल्याण, नालासोपारा, पनवेलला गेली आहेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनविधी मात्र याच चर्चमधून. म्हणजे पूर्वी गल्लीत मावणारं काम आज रेल्वेच्या तीन मार्गांवर पसरलं आहे, आणि ते करणारा माणूस एकच. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण असे लोक माझ्यासमोर बसतात तेव्हा स्वतःला आळशी ठरवूनच आलेले असतात.

त्यांना माझ्याकडे आणलं ते एका प्रसंगाने. मंडळीतल्या एका बाईंच्या यजमानांना जाऊन वर्ष होत होतं. उपासनेनंतर दारात हस्तांदोलन करताना बाई म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, त्या दिवशी घरी प्रार्थना ठेवलीय, याल ना?’ हे म्हणाले, ‘येतो.’ त्याच दारात मागे आणखी माणसं उभी होती: कोणाला शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, कोणाची आई केईएममध्ये होती, कोणाला हॉलच्या भाड्याचं बोलायचं होतं. त्या दिवशी बाईंच्या घरी नातेवाईक जमले, सतरंजी अंथरली, पाळक आलेच नाहीत. शेवटी एका दिरांनी प्रार्थना केली. बाई रागावल्या नाहीत. फक्त पुढच्या रविवारपासून मागच्या दाराने जाऊ लागल्या.

‘मॅडम, मी तेव्हा पंख्याचं बिल भरायच्या रांगेत होतो,’ ते मला म्हणाले. पंखे चर्चचेच, दुरुस्त करून आणलेले.

मी त्यांना लगेच डायरी घ्यायला सांगितली नाही. विचारलं, दिलेले शब्द कुठे ठेवता? काही डोक्यात, काही उपासनापत्रिकेच्या मागे, काही फोनमध्ये, काही खिशातल्या चिठ्ठीवर. आणि खिसा धुण्यात जातो. मग आठवडाभर एकच काम दिलं: ‘येतो’, ‘बघतो’, ‘करतो’ असं जे जे तोंडातून जाईल ते नावासकट एकाच वहीत लिहायचं. पुरं करायची घाई नको, नुसतं लिहायचं. पुढच्या भेटीला त्यांनी वही उघडून ठेवली आणि बराच वेळ बोलले नाहीत. तेवढी आश्वासनं पुरी करायला दोन पाळकही पुरले नसते.

इथे त्यांनी एक अडचण मांडली, आणि ती मला फार प्रामाणिक वाटली. ‘पण हे सगळं आखून करायचं म्हणजे देवावर भरवसा नाही असं नाही का होत? पवित्र आत्मा काय माझी वही बघून काम करणार?’

मी ख्रिस्ती नाही. म्हणून उत्तर न देता त्यांनाच विचारलं, तुमच्या शास्त्रात एकटा माणूस कामाखाली दबल्याची गोष्ट आहे का? त्यांनी क्षणात बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय सांगितला. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसतो. सासरा इथ्रो ते पाहतो आणि म्हणतो, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. ‘आणि नव्या करारात?’ तेव्हा ते प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय सांगू लागले. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती, म्हणून सात जण निवडले गेले, आणि प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, प्रार्थना व वचनाची सेवा आपल्याकडे ठेवली. सांगता सांगता त्यांचा आवाज अडकला. ‘विधवांचीच आबाळ,’ ते म्हणाले. या अध्यायावर ते अनेकदा बोलले होते.

त्यानंतर माझं काम सोपं झालं, कारण आता वही त्यांची स्वतःची होती.

पहिला बदल दारातला. ‘येतो’ म्हणायचं तर तारीख ठरवून म्हणायचं, आणि हात सोडण्याआधी लिहायचं. तारीख देता येत नसेल तर ‘मंगळवारी फोन करून सांगतो’ असं म्हणून तेही लिहायचं. लोकांना वाईट वाटेल ही त्यांची भीती होती. उलट पाळक लगेच लिहून घेतायत हे पाहून माणसं शांत होत होती. वहीत फक्त आद्याक्षर आणि दिवस लिहायचा, आजार किंवा घरातलं भांडण कधीच नाही, हा माझा आग्रह. लोकलमध्ये विसरलेली वही कोणाच्याही हाती लागते. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनाविनंती टाकतानाही त्या घराला आधी विचारायचं. आपला कॅन्सर ग्रुपवर वाचण्याची वेळ कोणावर येऊ नये.

घरभेटी मार्गाप्रमाणे लावल्या. मध्य मार्गाचा एक दिवस, पश्चिमेचा एक, हार्बरचा महिन्यातून दोनदा. रविवारी उपासना आटोपून कल्याण गाठायची त्यांची सवय होती आणि मेगाब्लॉकमध्ये अर्धा दिवस फलाटावर जायचा. ते बंद केलं. अचानक मृत्यू झाला, कोणी अतिदक्षता विभागात गेलं, तर सगळं मोडायचं हे उघडच आहे. त्यासाठीच आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवली. मोडलेली भेट तिथे जाते.

रविवारच्या संदेशाची, म्हणजे प्रवचनाची, तयारी शनिवारी मध्यरात्री व्हायची. खरं तर रविवारचे शास्त्रपाठ आधीच ठरलेले असतात. ते सोमवारी रात्री नुसते वाचून ठेवायचे, म्हणजे दवाखान्यात, गाडीत ते मनात घोळत राहतात; लिहायला बुधवार आणि शुक्रवारची सकाळ, फोन पाळकीणबाईंकडे. वर्षाचं गणित ईस्टरपासून उलटं मांडायचं. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते, पण राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्याच्या ४६ दिवस आधी येतो हे पक्कं. ते दोन दिवस आणि नाताळाआधीच्या कॅरलच्या रात्री कॅलेंडरवर पडल्या की लग्नाची तारीख मागणाऱ्याला उभ्या उभ्या उत्तर देता येतं.

सगळ्यात जड गेलं ते सोपवणं. दाखले, हॉल, बिलं सेक्रेटरी आणि दोन तरुणांकडे गेली. दाखल्यांसाठी बुधवार आणि शनिवार संध्याकाळ ठरली. लग्नाची नोंदवही तेवढी त्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि ते योग्यच होतं, कारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने त्या नोंदीची जबाबदारी विवाह लावणाऱ्यावर आहे. कमिटीतले एक ज्येष्ठ अजूनही म्हणतात की आधीचे पाळक सगळं एकटे करायचे. त्यांच्याशी वाद घालू नका, एवढंच मी सांगितलं.

त्या बाईंकडे ते गेले तेव्हा काय बोलायचं, हे त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, कारण सांगू नका. विसरलो म्हणा, आणि बसा. ते गेले, बसले. बाईंनी यजमानांचे फोटो काढले.

एक गोष्ट मात्र वहीने सुटत नाही. झोप लागेनाशी झाली असेल, प्रार्थनेला बसलं तरी मन कोरडं राहत असेल, भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो नियोजनाचा प्रश्न समजू नका आणि विश्वास कमी पडला असंही समजू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि पाळकांच्या घरच्यांनो, तो नंबर तुमच्यासाठीही आहे.