समासातली पेन्सिलीची ओळ

प्रिय वाचक,

यावल तालुक्यातून आलेले तुमचे सात पानांचे पत्र मी दोनदा वाचले. कादंबरीतील मानवतावादी मूल्ये आणि अस्मितेचा शोध या विषयावर तुम्ही चार वर्षे पीएच.डी. करत आहात, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ केंद्रस्थानी आहे, तिसरे प्रकरण अडले आहे, वडील ‘आता वावराकडे बघ’ म्हणतात, आणि ना गावाचे उरलो ना शहराचे झालो, तर आपण कोण, असे तुम्ही विचारता. वडिलांविषयीची तुमची तक्रार रास्त असेल. मला तिच्याविषयी बोलायचे नाही.

पाचव्या पानावर, डीटीपीला उशीर का होतो हे सांगताना, तुम्ही ओझरते लिहून गेला आहात की शुद्ध प्रत धाकटी बहीण उतरवून देते, कारण बारावीनंतर ती घरीच असते. फैजपूरला एसटीने रोजचे जाणे-येणे वडिलांना पसंत नव्हते. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, हे सात पानांत कुठेही नाही.

१९६३ साली आलेल्या त्या कादंबरीतला पंचवीस वर्षांचा पांडुरंग सांगवीकर पदवीवाचून गावी परततो, पण त्याला मुळापासून हलवते ते धाकट्या बहिणीचे, मनीचे, देवीच्या रोगाने जाणे. तुम्ही सोबत पाठवलेले प्रकरण याच मृत्यूवर आहे आणि करुणा, व्यक्तिप्रतिष्ठा हे शब्द त्यात पानोपानी आले आहेत. अक्षर बहिणीचे, ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेले. एकोणिसाव्या पानाच्या समासात मात्र तिने पेन्सिलीने बारीक लिहिले आहे: ‘भाऊ, मनी गेल्यावर त्याला काय वाटलं ते कळलं. मनीला काय हवं होतं, ते तू कुठे लिहिलंस?’ ती ओळ तुम्ही पाहिलीच नसावी, नाहीतर प्रकरण असे अडून राहिले नसते. इतका नेमका प्रश्न मी समीक्षेच्या लेखांतही क्वचितच वाचला आहे.

तुमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावरही ती आपल्यापर्यंत पोहोचली. तुमच्या घरात तर जिला स्वतःचे लिहिता येते, तीच भावाचे उतरवत बसली आहे. याचा मला राग आला आहे, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

प्रबंध बाजूला ठेवा आणि आज रात्रीच तिला विचारा की तिला काय शिकायचे आहे. ती ‘काही नाही’ म्हणाली तर पुन्हा विचारा, कारण दोन वर्षांत तिला कोणी विचारलेले दिसत नाही. मग तिच्यादेखत वडिलांना सांगा की हिच्या जाण्या-येण्याची जबाबदारी माझी, आणि प्रवेशाचे शुल्क तासिका तत्त्वावरच्या तुमच्या मानधनातून भरा. वडील संतापले तर तो संताप तुमच्यावर येऊ द्या, तिला पुढे करू नका.

यापुढची शुद्ध प्रत स्वतःच्या हाताने काढा. एकोणिसावे पान टपालाने परत पाठवते आहे. त्यावरची पेन्सिल खोडू नका.

तुमची,
ताई