माऊसला हात लावू नकोस

वाळपई, श्रावण

प्रिय बाय,

त्या दिवशी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. आधी वीज गेली, मग रेंज. आपल्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात हे चालायचंच, म्हणून आता निवांत लिहिते.

तू फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतेस आणि शनिवारच्या सकाळी गावच्या प्राथमिक शाळेत मुलांना कोडिंग शिकवायचं म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. ही शाळा तुझ्या आईची, मामाची. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यांतलीच ती एक. आज तिथे दोन खोल्या, एक शिक्षिका आणि चार वर्गांची मिळून मोजकी मुलं आहेत. तिथे जाणारं माणूस हवंच आहे.

पायथन की स्क्रॅच, असं तू विचारलंस. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना स्क्रॅच. पायथनमध्ये सगळं टाइप करावं लागतं, स्क्रॅचमध्ये पडद्यावरचे तयार हुकमांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, एकमेकांना जोडायचे. कंस राहिला म्हणून अडून बसायचं त्यांचं वय नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने हे आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच बनवलं आणि २००७ साली सगळ्यांना खुलं केलं. ते फुकट आहे. एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, मुलांची नावं-ईमेल कुठे द्यावी लागत नाहीत. पेनड्राइव्हवर घरूनच घेऊन जा. ब्लॉकवरचे इंग्रजी शब्द मुलांना वाचता आले नाहीत तर रंग सांग: हालचालीचे निळे, सुरुवातीचे पिवळे, परत परत करायचे नारिंगी. दोन शनिवारांत ती रंगावरून वाचायला लागतात.

आता मुख्य गोष्ट. माऊसला हात लावू नकोस.

हे मी अनुभवाने सांगते, आणि तो अनुभव चांगला नाही. पहिल्याच वर्षी, एका शाळेत, तिसरीतला एक मुलगा स्क्रॅचमधल्या मांजराला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत होता. मांजर कडेला आपटून परत फिरायचं, पण फिरताना उलटं व्हायचं, पाय वर. तो हसत होता, शेजारचा ओरडला, “बाई, माजर उलटें जालें!” मी गेले, माऊस घेतला, फिरण्याची पद्धत डावी-उजवी करून दिली. काम दहा सेकंदांचं. मांजर सरळ झालं. मुलाने हात मांडीवर ठेवले, आणि तास संपेपर्यंत ते तिथेच राहिले. पुढच्या शनिवारी काही अडलं की तो माझ्याकडे बघायचा, पडद्याकडे नाही. त्याचं उलटं मांजर मी काढून घेतलं होतं. तो आता कॉलेजात असेल. मला ते हात अजून आठवतात.

त्यानंतर मी वर्गात हात पाठीमागे बांधून फिरायला लागले. खरोखर बांधून.

त्यामुळे काय घडतं ते सांगते. चौथीतल्या एका मुलीला घर काढायचं होतं. भिंती झाल्या: शंभर पावलं पुढे, नव्वद अंश वळ, असं चार वेळा. मग छप्पर, म्हणजे त्रिकोण. मोठ्या भावाकडून तिने ऐकलं होतं की सारख्या बाजूंच्या त्रिकोणात साठाचे कोन असतात. म्हणून शंभर पावलं, साठ अंश वळ, तीन वेळा. पडद्यावर उघडंच काहीतरी आलं. “बाई, ही वाटी झाली,” ती म्हणाली. झालीच होती, तो षट्कोनाचा अर्धा भाग होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं आणि म्हटलं, “चल, बाहेर जाऊ.”

पाऊस थांबला होता. व्हरांड्याच्या लादीवर खडूने मोठा त्रिकोण काढला आणि तिला म्हटलं, तू मांजर हो, या रेषेवरून चाल. ती चालली. कोपऱ्यावर थांबली, वळली, आणि तशीच उभी राहिली. मागे वळून आलेली रेषा बघितली, पुढची बघितली. “हें साठ न्हय,” ती म्हणाली, “हांव चड घुंवलें.” ती जास्त वळली होती. त्रिकोणाचा आतला कोन साठाचा, पण चालणाऱ्याला बाहेरून वळावं लागतं. हे कुणी तिला सांगितलं नाही, तिच्या पायांना कळलं. आत जाऊन तिने शंभर घालून पाहिलं, मग एकशे तीस, मग एकशे दहा. एकशे वीसला छप्पर मिटलं. त्यात पंचवीस मिनिटं गेली. त्या दिवशी मी दुसरं काहीच शिकवलं नाही.

पण खरा लाभ पुढेच होता. वहीत तिने लिहिलं: चार वेळा नव्वद, तीन वेळा एकशे वीस. दोन्हींचा गुणाकार केला, दोन्ही तीनशे साठ. मग विचारलं, “म्हणजे पाच कोपऱ्यांना तीनशे साठ भागिले पाच?” तिने भागाकार मांडला, बहात्तर आलं, ते घातलं आणि पंचकोन मिटला. चौथीच्या मुलीने भागाकार स्वतःच्या गरजेसाठी केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. साठाला मीच एकशे वीस करून दिलं असतं, तर तिला छप्पर मिळालं असतं आणि बाकी सगळं गेलं असतं.

ही युक्ती माझी नाही. १९६७ साली सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली. पुढे त्यात हुकमाप्रमाणे फिरून रेघा काढणारं कासव आलं, आणि पेपर्ट सांगत आले की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करावा. स्क्रॅचचं मांजर त्याच वंशातलं.

म्हणून पहिली, दुसरीच्या मुलांना महिनाभर तरी लॅपटॉप दाखवू नकोस. लादीवर खडूने चौकटी आख. एक मूल यंत्र होईल, बाकीची हुकूम देतील. यंत्राने सांगितलं तेवढंच करायचं, मनाने काही नाही. कुणी नुसतं “पुढे जा” म्हणालं तर भिंत येईपर्यंत जायचं. इथे एक गंमत आपल्या भाषेची आहे: “उजवीकडे जा” म्हणजे जागेवर वळायचं की बाजूला सरकायचं? मुलं त्यावर भांडतात. भांडू दे. शेवटी त्यांनीच ठरवलं की “वळ” वेगळं आणि “चल” वेगळं. शिवाय तू मुलांच्या समोर उभी राहिलीस तर तुझी उजवी बाजू त्यांची डावी होते. त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी राहा. पुनरावृत्ती शिकवायला गणेश चवथीचे दिवस उत्तम. घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरतीचा ठेका पोरांच्या हातात मुरलेला असतो. तोच तुकडा किती वेळा वाजवायचा आणि कधी बदलायचा, हे बाकावर वाजवायला सांग, मग तेच कागदावर लिहायला.

भाषेवरून कुणाला अडवू नकोस. पुस्तक मराठी, घर कोंकणी, पडद्यावर इंग्रजी. मूल विचार करतं घरच्या भाषेत, आणि चूक सापडते ती तिथेच. फळ्यावर तू मराठीत लिही, त्यांना हवं तसं बोलू दे.

एका लॅपटॉपवर दोघं बसव, तीन नको. दहा मिनिटांनी माऊस बदलायचा, घड्याळ लावून. हे पाळलं नाहीस तर मुलगे माऊस धरतात आणि मुली “तिथे दाब” म्हणत राहतात. वर्षभर असं चाललं की मुलींना वाटतं, सांगणं हेच आपलं काम.

परवानगीचं थोडक्यात: आधी मुख्याध्यापिकेला भेट, मग त्या म्हणतील तसा भागशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज दे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत पाच मिनिटं मागून तू कोण, काय करणार ते सांग. वर्गशिक्षिका खोलीत असल्याशिवाय वर्ग घेऊ नकोस, एकट्या मुलाला मागे थांबवून घेऊ नकोस. फोटो काढून इंटरनेटवर टाकायचा मोह होईल. पालकांनी लेखी हो म्हटल्याशिवाय एकही नको.

अभ्यासक्रम विचारत होतीस. आपल्या गोवा सरकारची कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना २०२१ पासून आहे, ती सहावी ते आठवीसाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग माध्यमिकच्या आधीच्या, मधल्या टप्प्यावर येतं. म्हणजे तुझ्या मुलांना परीक्षा नाही, पुस्तक नाही, कुणी विचारणार नाही की काय काय झालं. हे तुझं भाग्य समज. घाईचं कारणच उरत नाही. एका मुलीला त्रिकोणापाशी पंचवीस मिनिटं बसू देण्याची चैन हायस्कुलात मला कधी मिळाली नाही.

आणि येते म्हणालीस तर ये. एका शाळेत उत्साही मंडळी तीन शनिवार आली, चौथ्या शनिवारी आली नाहीत, कळवलंही नाही. मुलं हात धुऊन, लॅपटॉपची पेटी उघडून बसली होती. तिथल्या शिक्षिकेने अकरा वाजता पेटी बंद केली. तुझ्या परीक्षा कधी आहेत ते आजच कॅलेंडरवर बघ आणि ते शनिवार मुलांना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दे. महिन्यातून दोनच जमत असतील तर दोनच सांग.

खडूची एक पेटी माझ्याकडून घेऊन जा, रंगीत आहेत. पहिला वर्ग झाला की पत्र पाठव. काय शिकवलंस ते नको. कोण काय चुकलं आणि मग त्याने काय केलं, ते सविस्तर लिही.

तुझी,
बाई