विळी वॉर्डन मॅडमच्या कपाटात होती

ऑगस्ट-सप्टेंबर आला की माझ्याकडे हा प्रश्न ठरलेला, शब्द फक्त इकडेतिकडे. "मॅम, लहानपणापासून ड्रॉइंग चांगलं म्हणून डिझाइनला आले, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंग परीक्षांना ए ग्रेड, आणि इथे पहिल्याच सेमला म्हणतात की जे येतं ते बाजूला ठेवा. माझं चुकलं का? कोर्स बदलू का?" कधी मुलं स्वतः येतात, कधी आईचा फोन येतो आणि आई एकदम हळू आवाजात बोलत असते कारण बाबा हॉलमध्ये बसलेत आणि फी बाबांनी भरलीये. मी पुण्यात एका डिझाइन कॉलेजला आठवड्यातून 2 दिवस समुपदेशक म्हणून बसते, मला स्वतःला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगते, पुढे उपयोगी पडेल.

तर ही एका मुलीची गोष्ट. चिपळूणकडची आहे एवढं पुरे, बाकी ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. लिहू का म्हणून तिला विचारलंय, ती म्हणाली लिहा पण माझे मार्क नका सांगू, सो मार्क नाही सांगणार.

फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, त्यांना असाइनमेंट होती. घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू आणायची, तिची बघून 40 स्केचेस करायची, आणि मग 10 पायऱ्यांत ती वस्तू कमी कमी करत आणायची. शेवटचं चित्र 5 सेंटीमीटरच्या चौकोनात, फक्त काळं-पांढरं, शेडिंग अजिबात नाही, आणि तरी त्या वस्तूचं काहीतरी त्यात उरलं पाहिजे. ॲबस्ट्रॅक्शन. वर्गातल्या एकाने अडकित्ता घेतला आणि बाजीराव रोडवरच्या राजा केळकर म्युझियममध्ये जाऊन बसला, तिथे तर अडकित्त्यांचा खजिनाच आहे. कुणी किसणी, कुणी कुलूप. हिने आणली आजीची विळी. तुमच्याकडे मोरळी म्हणत असतील. लाकडी पाट, वर आलेलं पातं, टोकाला नारळाची खवणी.

पहिल्या वेळी आली तेव्हा तिने सगळ्या शीट्स माझ्या टेबलावर मांडल्या. पाटाच्या लाकडाच्या रेषा, पात्याच्या बुडाशी चढलेला गंज, खवणीचा एकेक दात. मला खरंच शीटवरून बोट फिरवून बघावंसं वाटलं. आणि मी म्हणून गेले, "अगं किती सुंदर काढतेस!"

चूक. ती ढसाढसा रडायला लागली.

नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे वाक्य ती पाचवीपासून ऐकत आलीये. शाळेच्या फळ्यावर सणाचं चित्र तिने काढायचं, गॅदरिंगची पाटी तिने रंगवायची, पाहुणे आले की आई वही काढून दाखवणार. आणि इथे क्रिटला, म्हणजे काम समोर मांडून त्यावर चर्चा होते तेव्हा, सरांनी शीट बघून विचारलं होतं, "ही विळीची झेरॉक्स आहे. विळी कुठाय?" म्हणजे ज्या नाण्यावर तिचं सगळं चाललं होतं ते नाणं इथे कुणी घेईना, आणि मी तिला तेच नाणं परत हातात दिलं.

10 पायऱ्यांचं काम तिने केलंच नव्हतं असं नाही. गंज खोडला, लाकडाच्या रेषा खोडल्या, मग दात खोडले. उरलं काय तर भिंतीवरचा हुक. मग रात्री 3 वाजता उठून खोडलेले दात परत काढले. "मॅम, खोडताना पोटात गोळा येतो. एकेक दाताला मी 20 मिनिटं दिलीयेत." मी म्हटलं, दात काढून टाकलेस तर काय होईल? तर म्हणे, "मग मला काढता येतात हे कळणार कसं?"

वर्गात त्यांना पिकासोची बैलांची मालिका दाखवली होती. 1945 च्या डिसेंबरपासून जानेवारी 46 पर्यंत त्याने एकाच बैलाची 11 लिथोग्राफ्स, म्हणजे दगडी छापाची चित्रं, केली, शेवटच्यात नुसत्या मोजक्या रेघा उरतात. हिचं म्हणणं, त्याचं ठीक आहे, तोवर त्याला बैल काढता येतो हे सगळ्या जगाला माहीत होतं. उत्तर देता येईना मला. घरी जाऊन ती 11 चित्रं शोधून ओळीने बघितली, तेव्हा दिसलं की दुसऱ्या चित्रात बैल कमी होतच नाही, उलट आणखी दांडगा होतो, अंगाने भरतो, आणि मग पुढे उतरत जातो. ते मी तिला नंतर दाखवलं. तिला आवडलं, पण रडणं काही थांबलं नाही.

दुसऱ्या सेशनला मी आमचा नेहमीचा मार्ग धरला, श्वासाचे व्यायाम, झोपेची नोंद, फोन रात्री लांब ठेवणे. पुढच्या आठवड्यात ती झोपेचा चार्ट घेऊन आली, 4 रंगांच्या हायलायटरने रंगवलेला, स्केलने रेघा मारलेला, खाली सुलेखनात आठवड्याचा वार. झोप रोज साडेतीन तास. चार्ट बघून मला हसूच आलं, मग तीपण हसली. तिसऱ्या सेशनपर्यंतची आमची कमाई एवढीच.

त्या हसण्याच्या भरात मी सहज म्हटलं, पुढच्या वेळी विळी घेऊन ये की, मी पण बघते. तर म्हणाली, "विळी नाहीये माझ्याकडे."

म्हणजे?

म्हणजे पहिल्याच दिवशी हॉस्टेलच्या गेटवर सिक्युरिटीने बॅग उघडली, पेपरात गुंडाळलेली विळी निघाली, पातं म्हणजे हत्यार, आत सोडता येणार नाही, आणि ती वॉर्डन मॅडमच्या कपाटात गेली. तेव्हापासून तिथेच. मग 40 स्केचेस? फोनमधल्या फोटोंवरून. निघायच्या आधी भावाने पडवीत काढलेले 6 फोटो. सगळे उभं राहून काढलेले, सकाळचं ऊन, सावली उजवीकडे. मी शीट्स परत बघितल्या तर हो की, सगळीकडे तीच सावली.

मी विचारलं, घरी चिरतेस का विळीवर? "छे. लहानपणी बोट कापलं होतं, आजी हात लावू द्यायची नाही. आई चॉपिंग बोर्डवर चाकूने चिरते."

आता इथे थोडं कामाचं सांगते कारण हे कुणी पालक वाचत असतील. साडेतीन तास झोपणाऱ्या, रोज रडणाऱ्या मुलीला "जा, विळीवर बस" असं सांगायच्या आधी मी तिला स्पष्ट विचारलं की स्वतःला इजा करावी असं मनात येतं का, जगणं नको असं वाटतं का. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरवलं जात नाही, विचारायचाच असतो. तिचं उत्तर नाही होतं आणि ती माझ्याशी कशी बोलत होती, जेवत होती, मैत्रिणींत जात होती यावरून मला ते पटलं. उत्तर हो असतं तर विळी, असाइनमेंट, कोर्स सगळं बाजूला, आधी सायकियाट्रिस्ट आणि घरचे. रात्री-अपरात्री कुणाला बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तर मग मी वॉर्डन मॅडमशी बोलले. हॉस्टेलमध्ये नाही म्हणाल्या, पण मेसच्या किचनमध्ये ठेवा, तिथे मावशी असतात. मावशी विळी बघून इतक्या खूश झाल्या की विचारू नका, मेसमध्ये सगळ्या सुऱ्याच.

शनिवारी सकाळी मावशींनी हिला पाटावर बसवलं आणि कोबीचा गड्डा हातात दिला. सोमवारी ही माझ्याकडे आली ती दार ढकलून, खुर्चीत न बसता डायरेक्ट जमिनीवर, एक गुडघा वर, एक पाय माझ्या फाइलवर दाबून. "मॅम बघा, असं बसायचं. पाय काढला की उलटलीच ती, मावशी ओरडतात. आणि धार आपल्या तोंडाकडे असते मॅम! मी 40 वेळा काढली, मला धार कुणीकडे हेच माहीत नव्हतं!" मग म्हणाली की सुरीने चिरताना सुरी हलते आणि भाजी गप पडून असते, विळीचं उलटं, विळी जागची हलत नाही, दोन्ही हातांत कोबी धरून आपणच पुढे लोटायचा, चिरणारा माणूस हलतो. मी हे आयुष्यभर बघत आलेय, माझ्या आईकडे अजून विळी आहे, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

मग तिने कागद काढले. मेसच्या जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजू, बॉलपेन, एकावर कोबीच्या पाण्याचा डाग. बॉलपेन का, तर किचनमध्ये तेच होतं. खोडता येत नाही त्यामुळे एक बिघडलं की दुसरं, अशी 20-25 झाली. ही चित्रं सुंदर बिंदर अजिबात नव्हती, माझ्यासारखीला तर आधीच्या शीट्सच भारी वाटतील. पण एकात मला काहीतरी दिसलं. बसलेल्या जागेवरून, वरून खाली बघत काढलेलं. खाली पाट, पुढे निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या टोकाला उभी एकच बारीक रेघ. मी विचारलं पातं कुठाय? "हेच पातं. धारेच्या समोर बसलं की पातं असंच दिसतं मॅम, रेघ. गंज दिसत नाही, काही दिसत नाही. मी काही खोडलं नाहीये."

हे "मी काही खोडलं नाहीये" ती 2-3 वेळा म्हणाली. त्या आठवड्यात झोप साडेपाच तासांवर गेली, चार्ट यावेळी पेन्सिलने.

मध्येच तिच्या बाबांचा फोन आला होता. झेडपीच्या शाळेत शिक्षक, आवाजात राग आणि काळजी समसमान. "मॅडम, एवढे पैसे भरून एक रेघ मारायला शिकवतात काय?" मी म्हटलं सर, निवडणुकीची ड्युटी केली असेल ना तुम्ही? भरपूर, म्हणाले. मग मतपत्रिकेवरची चिन्हं आठवा. कपबशी, शिट्टी, पतंग. निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते, 1992 ला रिटायर झाले, ते अशाच घरातल्या साध्या वस्तू पेन्सिलने काढून चिन्हं तयार करायचे. नखाएवढं काळं-पांढरं चित्र, अक्षरओळख नसलेल्या बाईला ते लांबून ओळखू यायला हवं. कपावरची फुलं काढत बसलं तर? सर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आमच्याकडे एक आजीबाई आहेत, चष्मा विसरून येतात, चिन्ह बरोब्बर दाखवतात." तिथून पुढे फोन सोपा गेला. एकच सांगितलं त्यांना, व्हॉट्सॲपवर तिला ए ग्रेडच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवणं थांबवा. हिंमत यावी म्हणून पाठवत होते, तिकडे ती तो बघून रडत होती.

कोर्स बदलायचा का, याचं मी कधीच लगेच उत्तर देत नाही. 2 वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याशी बोलून खरंच फाइन आर्टला गेला आणि बरोबर केलं त्याने, त्याला रंगात हात घालून बसायचं होतं, खुर्ची कुणासाठी आणि का याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. पण तो रडत नव्हता, कंटाळला होता, 2 सेमिस्टर कंटाळलेलाच होता. रडणाऱ्याला मी थोडं थांब म्हणते आणि कंटाळलेल्याचं ऐकते. शास्त्रीय नियम वगैरे नाही हा, इतक्या वर्षांचा अंदाज. रडणाऱ्याचं बहुतेक वेळा ड्रॉइंग हरवलेलं नसतं, शाबासकी हरवलेली असते, आणि त्या दु:खात घेतलेला ट्रान्सफर दुसऱ्या कॉलेजात तेच दु:ख घेऊन जातो. निदान पहिलं वर्ष जाऊ दे म्हणते मी. दुसरं म्हणजे वस्तू समोर आहे का, हे मी आता सगळ्यात आधी विचारते. तुम्हाला गंमत वाटेल पण यावर्षीच्या तिघांपैकी दोघं फोनवरूनच काढत होती.

ज्युरीला, म्हणजे कामाच्या शेवटच्या परीक्षणाला, तिने तो काळा निमुळता पाट आणि पांढरी रेघ ठेवली. सर म्हणत होते टोकाची खवणीपण काढून टाक, तिने नाही टाकली, अर्ध्या चांदणीएवढी ठेवलीच, "नारळ खवत नाही ती विळी आमच्याकडे विळी नसते." बाहेरून आलेले एक ज्युरी म्हणाले, हायवे आणि स्ट्रीटलाइट आहे का? सगळे हसले. हिने शीट भिंतीवरून काढली, जमिनीवर ठेवली, आणि त्यांना म्हणाली सर, इथे बसून बघा. ते बसले म्हणे, पॅंट सावरत. मार्क सांगायचे नाहीत असं ठरलंय.

विळी अजून मेसमध्येच आहे, दिवाळीला घरी न्यायचीये तर मावशी सोडायला तयार नाहीत, पाटाचा एक स्क्रू ढिला आहे तो घट्ट करून देते म्हणून रोज एक दिवस पुढे ढकलतात. ती गेल्या आठवड्यात आली होती माझ्याकडे. रूममेट रात्री 2 वाजेपर्यंत फोनवर बोलते आणि हिला झोप येत नाही, त्यावर काय करायचं म्हणून.