मेलेले साप-कासवं संग्रहालयात जपून जिवंत प्राणी कसे वाचतात?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर एवढे स्वच्छ फोटो निघतात, मग संग्रहालयांनी मेलेले साप, पाली, कासवं बरण्यांत भरून का ठेवायची? अशाच एका संग्रहात मी काही वर्षं नोंदी ठेवायचं काम केलं, म्हणून लिहितो.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी फर्नांदिना बेटावर 1906 साली कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मोहिमेला महाकाय कासवाचा एक नर मिळाला. तो एकच. पुढे शंभरावर वर्षं तिथलं दुसरं कासव कुणाच्या हाती लागलं नाही, जात संपली असं लोक धरून चालले. मग 2019 मध्ये एक मादी सापडली. पण तिची पाठ त्या नराच्या पाठीसारखी नव्हती. शिवाय पूर्वीचे खलाशी खाण्यासाठी कासवं जहाजावर घेऊन या बेटावरून त्या बेटावर जायचे, त्यामुळे ती दुसरीकडून आलेली असू शकत होती. शेवटी जुन्या नराचा डीएनए तिच्याशी ताडून पाहिला आणि 2022 मध्ये ठरलं की दोघं एकाच जातीचे. त्यानंतर तिच्यासाठी नर शोधायला बेट पालथं घालण्याला अर्थ आला. 1906 च्या त्या नराचा नुसता फोटो असता, तर फोटोतल्या पाठीवरून ती वेगळ्या जातीची ठरली असती.

सापांच्या त्वचेला होणाऱ्या बुरशीच्या रोगाचंही असंच. अमेरिकेत तो अलीकडे आला असं वाटत होतं. जुन्या बरण्यांतले साप तपासले तेव्हा 1945 च्या नमुन्यातही तो निघाला. नमुना गोळा करणाऱ्याच्या मनात हा प्रश्न कधी आलाही नसेल.

मात्र चिठ्ठी हवी. कुठे, कधी, कुणी पकडला एवढं लिहिलेली. फ्रान्समधल्या मार्सेच्या संग्रहालयात सुमारे दोन फूट लांबीची पेंढा भरलेली पाल होती, आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी. तिला चिठ्ठीच नव्हती. 1986 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा ती न्यूझीलंडची असावी असा अंदाज बांधला गेला. 2023 मध्ये डीएनएवरून कळलं की तिचं नातं पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या पालींशी आहे. इतकी वर्षं चुकीच्या देशाच्या नावावर राहिली बिचारी! जिथे नेमकं शोधायचं तो पत्ताच हरवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोटोचं मोल कमी नाही. अल्कोहोलमध्ये रंग उडतात, म्हणून हिरवा साप काही काळाने निळसर दिसू लागतो. जिवंतपणीचा रंग फोटोतच राहतो. पण पोटाखालचे खवले मोजणं, पोटात काय होतं ते पाहणं, सीटी स्कॅनने कवटी बघणं, हे शरीर असेल तरच. शरीर सडू नये म्हणून वापरतात त्या फॉर्मॅलिन या रसायनाने डीएनए खराब होतो, म्हणून आधी मांसाचा छोटा तुकडा वेगळ्या अल्कोहोलमध्ये काढून ठेवतात.

जीव घेण्याबद्दलची तुमची अस्वस्थता मलाही आहे. ज्या जातीचे मोजकेच प्राणी उरलेत, त्यातला एकही मारू नये असंच माझं मत. तिथे रक्ताचा थेंब किंवा टाकलेली कात यांवर काम भागवता येतं, आणि गाडीखाली मेलेले प्राणीही संग्रहालयाला उपयोगी पडतात.

गाडीखाली मेलेला साप कधी दिसला तर हात लावू नका. मेल्यावरही काही वेळ विषारी साप चावू शकतो. फोटो, तारीख आणि नेमकी जागा टिपून जवळच्या निसर्ग संग्रहालयाला कळवा.